एकही बाटली परत आली नाही

आमच्या भाऊजींना पाण्याचा वास घ्यायची सवय आहे. पेला नाकाशी नेणार, डोळे मिटणार, एक श्वास आत ओढणार आणि मग ठरवणार की हे पाणी आपल्या पोटात जायच्या लायकीचं आहे की नाही. स्वतःच्या घरात केलं तर एक वेळ चालून जातं. पण माझं लग्न ठरल्यावर आम्ही सगळे पहिल्यांदा माझ्या सासरी चहाला गेलो, तेव्हाही त्यांनी सासूबाईंनी दिलेला पेला हुंगला, तसाच ट्रेमध्ये परत ठेवला आणि विचारलं, "टाकी कधी धुतली होती?" या गोष्टीला वीस वर्षं झाली. सासूबाई विसरलेल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

ताईचा हा नवरा नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासतो. बाविसाव्या वर्षी बाटल्या धुवायला लागला आणि धुता धुता परीक्षा देत वर चढला. तीस-एकतीस वर्षं झाली. गावात त्यांना 'नाकसाहेब' म्हणतात. नाकावर माशी बसू देत नाहीत, म्हणूनही म्हणत असतील. मी एकदा त्यांना घ्यायला त्या प्रयोगशाळेत गेले होते. दोन खोल्या, खांद्यापर्यंत पांढऱ्या फरशा, आणि लाकडी फळ्यांवर उलट्या ठेवलेल्या काचेच्या बाटल्या. मला दारातच चपला काढायला लावल्या, वर "कशालाही हात लावू नकोस" असंही बजावलं. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते, माझ्या हाताला ग्रीस असतं, हे मान्य. पण मी काही त्यांच्या बाटल्या चाटायला गेले नव्हते.

दर गुरुवारी तलावाच्या पाण्याची बाटली त्यांच्याकडे येते. नमुने आणणारा माणूस चाळीस किलोमीटरवरून मोटारसायकलवर ती आणतो. भाऊजी ती खिडकीसमोर धरतात. तळाला गाळ दिसला, गवताची काडी दिसली, की बाटलीला लाल चिठ्ठी लावून परत: 'नमुना सदोष.' याचं तत्त्वज्ञानही ते ऐकवतात. "घेणाऱ्याचा हात घाण असतो, आणि नाव पाण्याचं खराब होतं. पाण्यावर अन्याय नको." मग त्या माणसानं पुन्हा चाळीस किलोमीटर जायचं आणि नवी बाटली आणायची. ऊन असो, पाऊस असो. हल्ली म्हणे तशी वेळच येत नाही. बाटली पसंत पडली, की ते तपासून कागदावर आकडे लिहितात आणि खाली पूर्ण नावाची सही ठोकतात. त्या कागदावरून गावाच्या टाकीत औषध किती टाकायचं ते ठरतं. नळाला आलेलं पाणी मात्र वरच्या कार्यालयाची माणसं तीन महिन्यांतून एकदा येऊन तपासतात, आणि त्यांची फेरी अजून लांब होती.

या वर्षी गावात पोटाची साथ आली. उलट्या, जुलाब, ताप. दवाखान्याच्या व्हरांड्यात गाद्या टाकाव्या लागल्या. तीनशेच्या वर माणसं झाली. लोक म्हणायला लागले, पाण्यातच काहीतरी आहे. भाऊजींचे कागद म्हणत होते, पाणी स्वच्छ आहे. शेवटी चौकशी समिती बसली आणि सोमवारी भाऊजींनी समितीसमोर येऊन पाण्याबद्दल लेखी निवेदन द्यावं असं पत्र आलं. निवेदन त्यांनी पत्र आलं त्याच दिवशी लिहून ठेवलं: 'पाण्यात दोष नाही.' टाकीवरच्या माणसालाही बजावून ठेवलं, "लोकांची ओरड ऐकून औषध वाढवायचं नाही. माझ्या सहीच्या कागदाप्रमाणेच चालायचं."

त्या तीनशे माणसांत माझी ताई होती. एकोणीस दिवस अंथरुणाला खिळली. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. आणि भाऊजी काय करत होते? तर स्वयंपाकघराची झडती घेत होते. तिचे लाकडी पाट फेकले, फडकी जाळली, फ्रिजमधल्या कापलेल्या कलिंगडाची फोड माझ्या तोंडासमोर नाचवली. "हे बघ. हे असलं खाते, आणि लोक पाण्याला नावं ठेवतात!" मी म्हटलं, निदान पाणी उकळा तरी. तर म्हणाले, "माझ्या सहीचं पाणी माझ्याच घरात उकळायचं? लोक काय म्हणतील?" त्यांना स्वतःला साधी ढेकरही आली नव्हती आणि हाच त्यांचा सगळ्यात मोठा पुरावा होता. "पाणी तेच, मी ठणठणीत. मग दोष कुणाचा?" दोष अर्थात ताईचा.

मला त्या दिवसांत या माणसाची शिसारी बसली होती. त्यांच्या स्वच्छ नखांकडे बघूनसुद्धा मला मळमळायचं.

ताई जरा उठून बसायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. मी माझी शिकाऊ गाडी काढली, तीच, जिच्या डोक्यावर मोठा 'शि' आहे, आणि दोघांना तलावाच्या वरच्या अंगाला एका गेस्ट हाउसवर घेऊन गेले. आमच्या गावाला पाणी देणारा तोच हा तलाव. भाऊजींनी तो एकतीस वर्षांत एकदाही पाहिला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "तलाव दर गुरुवारी माझ्याकडे येतो. मी कशाला जाऊ?" आणि गेस्ट हाउसच्या पाण्याला कुणाची सही नसते म्हणून घरच्या नळाचा वीस लिटरचा कॅन त्यांनी गाडीत चढवला. तलावाकाठी राहायला निघालेला माणूस त्याच तलावाचं पाणी नळातून भरून नेत होता. असा माणूस शोधून सापडणार नाही.

तीन दिवस धुकं होतं. आम्ही बाल्कनीत शाली पांघरून पांढऱ्या भिंतीकडे बघत बसलो. भाऊजी चादरी हुंगत होते. चौथ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, ब्रेड-ऑम्लेट खाता खाता एकदम ऊन पडलं. डोंगर एकामागोमाग एक उघडे पडले आणि खाली तलाव चमकायला लागला. ताई आजारी पडल्यापासून पहिल्यांदा हसली. मी बशी सरकवली आणि म्हटलं, "उठा. गाडीत बसा. तलावाला फेरी मारून येऊ."

"असं अचानक?" भाऊजी म्हणाले. "रस्ता कसा आहे, माहीत आहे का? कुठे थांबायचं, काय—"

"भाऊजी, तुम्हाला यायचं नसेल तर चादरी हुंगत बसा. आम्ही दोघी जातो."

आले. मागच्या सीटवर रुमाल अंथरून त्यावर बसले.

रस्ता सुंदर होता, हे कबूल करते. एका बाजूला डोंगर, एका बाजूला उतार, आणि प्रत्येक वळणावर तलावाचा नवा तुकडा. ताईनं काच खाली केली. पण दुरून डोंगर साजरे हे काही उगाच म्हणत नाहीत. फोटो काढायच्या जागी थांबलो तर कठड्यापलीकडे सगळा उतार बाटल्या, पिशव्या आणि कागदी ताटल्यांनी भरलेला. एक बाई पोराचा लंगोट गुंडाळून त्या सौंदर्यात भिरकावत होती आणि तिचा नवरा तलावाकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढत होता. मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. बाईनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही घाण मीच केली होती.

तिथून रस्ता खाली उतरतो. पाच-सहा वळणांनंतर डाव्या हाताला कातळातून एक झरा पडतो. काचेसारखं पाणी, खाली गोल कुंड, बाजूला शेवाळसुद्धा कसं नेमकं हिरवं. झऱ्यापाशी एक मोटारसायकल उभी होती. मागे निळी पेटी बांधलेली. एक पन्नाशीचा माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कुंडात उभा होता आणि जंतू मरावेत म्हणून बाटलीचं तोंड लायटरनं शेकत होता.

"थांबव," भाऊजी म्हणाले. "तो आमचा नमुनेवाला आहे."

मला वाटलं, आता याची खरडपट्टी निघणार. पण नमुनेवाल्यानं साहेबांना पाहिलं आणि त्याचं तोंड असं फुललं की मलाच बरं वाटलं. ओले हात शर्टाला पुसत तो धावत आला. "साहेब! तुम्ही इथं? वहिनींना पण आणलंत? या या, बघा तरी."

"इथे काय करताय?" भाऊजींनी विचारलं.

"नमुना घेतोय की. आज गुरुवार."

"इथून?"

"इथूनच घेतो. खास तुमच्यासाठी शोधलेली जागा आहे साहेब." त्याच्या आवाजात काय अभिमान होता! "आधी खाली जॅकवेलपाशी घ्यायचो, जिथून पंप पाणी उचलतो ना, तिथे. तुम्ही परत पाठवायचे. काडी आहे, गाळ आहे, तवंग आहे. एकदा तर एकाच दिवसात तीनदा पाठवलंत. भर पावसात एकशेवीस आणि एकशेवीस, दोनशेचाळीस किलोमीटर झाले माझे त्या दिवशी. मग म्हटलं, आपल्याच कामात खोट आहे. साहेबांना स्वच्छ नमुना लागतो, तर स्वच्छ जागा शोधली पाहिजे. तेव्हापासून अकरा वर्षं झाली. एक बाटली परत आली नाही!"

ताई गाडीतून उतरली होती आणि दाराला धरून उभी होती.

"पण हा झरा आहे," भाऊजी म्हणाले. अगदी हळू, जसं काही लहान मुलाला समजावत होते. "आपल्याला तलावाचं पाणी हवं."

"हेच पुढे तलावात जातं की साहेब. म्हणजे तलावाचंच झालं ना?"

मला खूप हसू आलं आणि त्याच वेळी इतकी किळस आली की मी गाडीच्या बॉनेटला टेकले. अकरा वर्षं. आठवड्याला एक कागद. एकेका कागदाखाली पूर्ण नावाची सही, तीही एका झऱ्याच्या चारित्र्याच्या दाखल्यावर! आणि त्या दाखल्यावर गावानं पाणी प्यायलं. कुणी चोरी केली नव्हती, कुणी लाच खाल्ली नव्हती. एकाला घाण बघवत नव्हती आणि दुसरा मन लावून नोकरी करत होता.

"तुमच्याकडे रिकामी बाटली आहे?" भाऊजींनी विचारलं.

"एक जास्तीची असतेच."

"द्या. आणि गाडीत बसा. जॅकवेल दाखवा."

नमुनेवाल्याचा चेहरा आता उतरला. काहीतरी चुकलंय एवढं त्याला कळलं, काय ते कळलं नाही. गाडीत तो पुढच्या सीटवर अंग चोरून बसला. आपल्या ओल्या पँटनं सीट भिजेल म्हणून अर्धवट उचललेला. मी म्हटलं, "बसा नीट, माझ्या गाडीत याहून वाईट माणसं बसतात."

जॅकवेल म्हणजे काठापासून थोडा आत उभा असलेला गोल बुरूज, वर पत्र्याची खोली, आत पंपांची घरघर. तिथे पोहोचायच्या आधीच वास आला. मी काच वर केली, तरी आला. सडलेली कोबी, साबण आणि संडास यांचा एकत्र. काठाला हिरवट राखाडी साय धरलेली, तिच्यात पिशव्या, एक रबरी चप्पल, पोट वर करून तीन मासे. बुरुजाच्या अलीकडे वीस-पंचवीस पावलांवर नवाच दिसणारा एक जाड पाइप डोंगरातून येऊन तलावात उघडत होता आणि त्यातून फेस पडत होता. मी पाइपच्या रेषेनं वर बघितलं. वर पिवळ्या भिंती, लाल छप्पर, बाल्कनीत वाळत घातलेली माझी शाल. सकाळी मी तिथे दहा मिनिटं गरम पाण्यानं अंघोळ केली होती, फेसाचा साबण लावून, गाणं म्हणत. मी रस्त्याच्या कडेला जाऊन ओकले.

परत आले तर भाऊजी पाण्यात होते. बूट-मोजे घालूनच. ज्या माणसानं आयुष्यात डबक्याशेजारून जाताना पँट उचलली, तो त्या सायीत मांड्यांपर्यंत उभा होता, बाटली बुडवून. भरली, वर काढली, ऊन लागेल अशी डोळ्यांसमोर धरली. गाळ होता, काडी होती, तवंगही होता. नमुनेवाला काठावरून कळवळून म्हणाला, "साहेब, ती चालणार नाही. दुसरी घ्या."

भाऊजींनी बाटलीचं झाकण लावलं आणि बाहेर आले. ते नमुनेवाल्याला काहीतरी बोलतील म्हणून मी पुढे सरसावले होते. तसं झालं असतं तर मी त्यांना परत त्या सायीत ढकललं असतं, देवाशपथ. पण ते एवढंच म्हणाले, "तुमची चूक नाही. मी सांगितलं तेच तुम्ही केलंत."

मग ताईपुढे जाऊन उभे राहिले. पँटमधून काळं पाणी गळत होतं. ताई नाकाला पदर लावून शांत उभी होती.

"हाच वास," ती म्हणाली. "साथ सुरू व्हायच्या आधीपासून नळाला येत होता. मी तुम्हाला म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, तुझी भांडी नीट घासलेली नसतात."

भाऊजी बाटलीकडे बघत राहिले.

"मलाही आला होता," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. ताईला कळलं. तिच्या हातातला पदर खाली आला.

"पहिल्याच दिवशी आला होता," ते म्हणाले. "पण कागदावर पाणी स्वच्छ होतं. सही माझी होती. मला वाटलं, वासच चुकीचा असेल."

एखाद्या माणसाचा तिटकारा येऊन येऊन किती येतो, याला काही सीमा असावी असं मला वाटायचं. नाही. बायको एकोणीस दिवस झिजली, तिची फडकी जाळली, आणि हे सगळं नाकाला वास आलेला असताना! मी तोंड उघडलं, पण ताईनं हात वर करून मला थांबवलं.

"आता काय करणार?" तिनं विचारलं.

"सोमवारी समितीसमोर सांगतो. निवेदन नवं लिहितो. सगळं सांगतो, झऱ्याचं, बाटल्यांचं. नोकरी जाईल, जाऊ दे."

"आज गुरुवार आहे," ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे आज, उद्या, परवा, रविवार, लोक काय पिणार?"

हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात अजूनही समिती, निवेदन, सही, आपली इज्जत एवढंच होतं. मी त्यांचा चेहरा बघत होते. लाज वाटणं म्हणजे काय ते मी त्या वयाच्या पुरुषाच्या तोंडावर पहिल्यांदा बघितलं.

त्यांनी खिशातून फोन काढला. हात चिकट झालेले, तसेच. टाकीवरच्या माणसाला लावला. आवाज मोठा ठेवला होता, आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं.

"टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. गावात पाणी सोडू नका. आणि दवंडी द्या, भोंगा लावा, घरातलं भरलेलं पाणी कुणी पिऊ नका म्हणून सांगा."

"का हो साहेब?"

"पाणी खराब आहे."

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "पण साहेब, गेल्या गुरुवारचा तुमचाच कागद माझ्यासमोर आहे. पाणी स्वच्छ. खाली तुमची सही. तुम्हीच बजावून सांगितलंय, कोण काय बोलतं ते ऐकायचं नाही, सहीप्रमाणे चालायचं. आता मी फोनवर कुणाचं ऐकू? तुमचा आवाज काढून कुणी बोलत असेल तर?"

"अहो मीच बोलतोय!"

"तसं सगळेच म्हणतात. सकाळपासून चार जणांचे फोन आले, पाणी खराब आहे म्हणून. चौघांनाही मी तुमची सही वाचून दाखवली."

भाऊजींनी आमच्याकडे बघितलं. ताईकडे, माझ्याकडे, काठावर उकिडव्या बसलेल्या नमुनेवाल्याकडे. कुणीही त्यांना मदत केली नाही. पंप घरघरत होते, पाणी वर ओढत होते.

"तो कागद खोटा आहे," भाऊजी म्हणाले. आवाज फुटला, म्हणून पुन्हा म्हणाले. "तो खोटा आहे. अकरा वर्षांचे सगळे खोटे आहेत. सही माझी आहे, पण कागद खोटे आहेत. व्हॉल्व्ह बंद करा."

मग टाकीवाला अगदी अदबीनं म्हणाला, "साहेब, हे लेखी लागेल."

मी दार उघडलं. भाऊजी बसताना सीटवरचा रुमाल चिखलात पडला, तो कुणी उचलला नाही. टाकीपर्यंत चाळीस किलोमीटर होते. मी शिकाऊंना कधी चालवू देत नाही तशी गाडी चालवली आणि मागे भाऊजी मांडीवर कागद ठेवून, हादऱ्यांमध्ये, अक्षरं वाकडी पडत असताना लिहीत होते.